कोप्पळचा दगुड

राग गेला का म्हनून मला इचारू नका. तेवीस वर्सं मी त्यो राग पोटच्या पोरावानी सांबाळलाय. त्यो काय असा एका दिसात जातुय व्हय? आता त्येला बसायला जागा घावली, येवढंच. ह्या विहाराच्या दारात, ह्या दगडावर मी रोज येऊन बसते, ती काय वारं खायला न्हवं.

मी आक्काताई. गाव आमचं रहिमतपूरपासनं दोन कोसावर. जल्म सगळा दगडात गेला. रस्त्यावर खडी फोडली, धरनाच्या कामावर दगुड वाहिलं, नुसता वाजवून बगितला तरी दगडाची जात सांगते. महाबळेश्वराच्या कड्यापासनं पार सांगलीत किस्नेच्या घाटापातूर कुटंबी खना, काळाच दगुड निगनार. हीर पाडा न्हाईतर डोंगुर फोडा, काळाच. तांबूस, चमाकनारा, ग्रॅनाईटावानी दगुड हिकडं वीतभरसुदीक सापडायचा न्हाई. हे ध्यानात ठिवा. भाऊसो ह्यातच घावला.

माझ्या नवऱ्याचं नाव सोपान. बायकांनी नवऱ्याचं नाव घिऊ ने म्हनत्यात. मी मुद्दाम घेते, मोठ्यानं घेते, कारन ह्या नावाला गावानं चोर म्हटलंय.

मालक सदुसष्ट साली कोप्पळला गेलं. कर्नाटकात, हुबळीच्या बी पल्याड. तिकडं दगडाच्या खानी. सा वर्सं तितं राबलं. वर्साला एकदा यायचं, आन आलं की दगडाच्याच गोष्टी. "आक्के, तितला दगुड आपल्या काळ्यावानी न्हाई बग. आपला काळा वर वतला आन चटाकदिशी निवला. तितला दगडाचा रस जिमिनीच्या पोटातच ऱ्हायला, वर आलाच न्हाई. लय सावकास निवला, म्हनून त्येचं दानं मोठं, खडीसाखरंवानी." कुन्या सायबानं सांगितलं असंल. मी म्हनायची, तुमी काय आत बसून बगत हुता? मालक हासायचं. आनि सांगायचं, ग्रॅनाईट छन्नी खातो, त्येच्यात गारगोटी असती. पर त्येंच्या खानीतल्या दगडात गारगोटी न्हाईच म्हना. दिसाया ग्रॅनाईट, पर छन्नीला गरीब.

छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला, पर विहार न्हवता. त्र्याहत्तर साली पाया घालायचं ठरलं. मालकांनी कोप्पळहून सांगावा धाडला, दाराचा दगुड मी आनतो. आनला बी. ट्रकवाला वळखीचा, पुन्याला चालला हुता, वाट वाकडी करून आला. सा फूट लांब दगुड, गोनपाटात गुंडाळलेला. वस्तीपातूर रस्ता न्हवता, म्हनून फाट्यावरच उतरवला. मी गोनपाट फाडाया लागले तर मालकांनी हात धरला. "आता न्हाई. बसवायच्या दिशी बग," म्हनलं आन लाजल्यावानी हासलं. दगुड तसाच पालथा ठिवला.

दुसऱ्या दिशी सकाळी फाट्यावर भाऊसो हजर. सरपंच हुता त्यो, आन गावाच्या वरच्या अंगाला नवं घर बांधत हुता. दगडाभवती दोनदा फिरला. गोनपाटाच्या फटीतनं बोट घालून चाचपलं, वाकून बगितलं आन निगून गेला. दुपारपातूर पोलीस आलं.

बहात्तरच्या दुष्काळानं जितं तितं सरकारी कामं काढल्याली, रस्त्याकडंनं दगडाचं ढीग पडल्यालं. भाऊसोनं तक्रार दिली, सोपाननं सरकारी खानीतला दगुड चोरला. पंचनामा त्येच्याच सोप्यात झाला. दगुड फाट्यावर, पंच सोप्यात, आन म्होरं चाच्या कपबश्या. लिवलं काय, तर सरकारी खानीतला काळा दगुड, एक नग. नाथाजीनं पंच म्हनून अंगठा दिला. दगुड काळा का गोरा, नाथाजीनं बगितलाच न्हवता. सरपंच म्हंजी गावाचं कुंपन म्हनत्यात. आमच्याकडं कुंपनानंच शेत खाल्लं.

मालकांना दोन दिस ठान्यात ठिवलं. "सायेब, दगुड उताना करून बगा," येवढंच ते म्हनत हुतं. उताना कुनी केला न्हाई, मालकांनाच केलं. घरी आलं तर उजवं मनगाट मोडल्यालं. त्या हातानं परत हातुडा धरला न्हाई. केस पुढं कुटं गेली आन जप्त केल्याला दगुड कुटं गेला, आमाला कुनी सांगितलं न्हाई. गावात कुटं घमेलं हरवलं तरी लोकं आदी आमच्या दाराकडं बगायची. मी खडी फोडून लेकाला, कपिलला, वाडवलं. चौऱ्याऐंशीत मालक गेलं. जाताना बी तेच, "उताना केला असता तर कळलं असतं." मला वाटायचं, निशानीचं म्हनत असतील. खानीतली मान्सं दगडावर आपापली निशानी काडत्यात. मालकांची पिंपळपान हुती.

मला दुसरं काय नगं हुतं. भाऊसोच्या तोंडानं, गावासमोर, एक वाक्य ऐकायचं हुतं, सोपान चोर न्हवता. त्येच्यासाठी मी जित्ती ऱ्हायले, ह्यात खोटं न्हाई.

कपिल मोटा झाला आन सांगलीत ग्रॅनाईटच्या दुकानात लागला. तवा सांगलीत नवं खूळ आलतं. हळदीचा बेपारी असू द्या न्हाईतर गुळाचा, ज्येला त्येला सैपाकघरात ग्रॅनाईटचा वटा पायजे. शहान्नव साली भाऊसोच्या इंद्रजितचं लगीन सांगलीत जमलं, आप्पासो म्हनून हळदीचं मोटं बेपारी, त्येंच्या पल्लवीशी. सोयरा तालेवार, म्हनून भाऊसोला बी घरात चकचकीत फरशी घालायची आली. कामाचा सांगावा नेमका कपिलच्या दुकानात. दुकानदारानं कपिललाच धाडला, तुजं गाव हाय, तूच जा म्हनून.

माप घेताना कपिल उंबऱ्याशी वाकला. उंबऱ्यावर हळदकुकवाची तेवीस वर्सांची पुटं, वर त्याल. टेप सरळ बसंना म्हनून त्येनं कोपऱ्यावरचं पूट खरवाडलं, तर आत तांबूस दगुड चमाकला. एक टवका सुटला, त्यो त्येनं खिशात घातला. सांगलीत एक प्रोफेसर वटा बसवून घेत हुतं, दगडाच्या शास्त्राचं. त्येंनी भिंगातनं बगितलं आन म्हनलं, "हा ग्रॅनाईट नव्हे. ग्रॅनाईटचा भाऊ म्हण. सायनाइट. ह्यात गारगोटी जवळजवळ नसतेच. इकडे मिळायचा नाही हा, कोप्पळकडचा दिसतो. तुला कुठे मिळाला?"

कपिलनं घरी येऊन त्यो टवका माझ्या हातावर ठिवला आन प्रोफेसरांचं बोलनं सांगितलं. मी पुरतं ऐकलं बी न्हाई. गारगोटी न्हाई म्हनल्यावर मी टवका मुठीत आवळला, ह्यो मालकांचाच दगुड.

तुमी म्हनाल, तेवीस वर्सांत तुला उंबरा दिसला न्हाई व्हय? न्हाई दिसला. त्या घराच्या पायऱ्या मी कवा चढले? आमी अंगनात उबं ऱ्हायचं, भाऊसोची बायकू आंबूबाई वरनं पदरात काय घालंल ते घ्यायचं आन मागारी फिरायचं. ज्या दगडासाठी माझ्या नवऱ्याचा हात मोडला, त्यो त्या पायऱ्यांच्या वर हुता. त्येला शिवू ने म्हनून मलाच खाली उबं करत हुती.

कपिल म्हनला, "आई, ठान्यात जाऊ." मी म्हनलं, "ठानं तुज्या बापानं बगितलंय. तू गप तुजं काम कर."

आन काम असं निगालं बगा. फरशी घातली की जमीन दोन बोटं वर येती. उंबरा जिमिनीच्या वर पायजे. खाली गेला तर घरातली लक्षुमी भाईर वगाळती म्हनत्यात. भाऊसो म्हनला, त्येच्यावर दुसरी पट्टी ठोका. तर आंबूबाई आडवी आली. ज्येला रोज हळदकुकू वाहिलं त्येच्या उरावर दगुड घालायचा? तेबी लगीन आठ दिसावर आलं असताना? चालायचं न्हाई, म्हनली. मंग भाऊसो नाइलाजानं कपिलला म्हनला, "उचला, पर सरळ वर. खाली इटा घाला. दगुड फिरवायचा न्हाई, सांगून ठिवतो."

कपिलनं हे सांगितलं तवा मी भाकरी थापत हुते. खाई त्येला खवखवं. दगुड फिरवायला मानूस कशाला भ्यायला पायजे? मी कपिलला म्हनलं, उंबरा उचलायच्या दिशी वाळू वाहायला बाई लागंल, मी येते.

त्यो दिस मला तासातासानं आटवतो. सोयऱ्यांना घर दाखवायला म्हनून भाऊसोनं त्येच दिशी आप्पासोला बोलावल्यालं. अंगनात खुर्च्या, गावातली म्हातारीकोतारी जमल्याली, त्येंच्यात नाथाजी बी, डोळ्यानं अर्दा झाल्याला. मी डोक्यावर पाटी घिऊन आले तर भाऊसोनं बगितलं. "ही सोपानची न्हवं?"

"आई हाय माझी," कपिल म्हनला. "वाळूला आनलीया."

"असू दे. भाईरच्या भाईर."

कपिलच्या मान्सांनी पहारी घातल्या. उंबरा एका अंगानं उचलून खाली इटा सारल्या. पुटं खरवडून काडल्याली, पानी मारल्यालं, दगुड उनात असा झळकत हुता की आप्पासो खुर्चीवरनं उटून पायऱ्या चढून आलं. "भाऊसो, हे तर ग्रॅनाईट दिसतंय. नवं बसवताय?"

भाऊसोची छाती फुगली. मी तितंच हुते, बगत हुते. "नवं कुटलं. त्र्याहत्तरचं हाय. तुमच्या सांगलीत ग्रॅनाईटचं नाव ठावं न्हवतं, तवा माझ्या दारात उंबरा हुता."

कपिलनं पहार तशीच धरून इचारलं, "आवं पर भाऊसो, असला दगुड आपल्या जिल्ह्यात मिळतच न्हाई की. मंग कुटनं आनला?"

"मिळतच न्हाई, तर. खास कोप्पळहून मागवला. ट्रकानं."

सोयऱ्यासमोर मोटेपना मिरवायला गेला आन तेवीस वर्सांची गाठ आपल्याच हातानं सोडली. मी पाटी खाली ठिवली.

"नाथाजीमामा," मी अंगनातनंच म्हनलं, "त्र्याहत्तर साली तुमी पंचनाम्याला अंगठा दिलता. त्येच्यात दगुड कसला लिवला हुता वं?"

नाथाजीनं मान वर केली. "काळा. सरकारी खानीतला. तसंच वाचून दाखवलं हुतं मला."

"आन कोप्पळहून त्या साली गावात दगुड कुनी आनलता?"

भाऊसो त्येच्याकडं बगत हुता. मंग नाथाजी म्हनला, "सोपाननं. दुसरं कोन कोप्पळ बगितल्यालं हुतं गावात?"

मी पायऱ्या चढाया लागले. एकेक पायरी मोजून चढले. भाऊसो म्हनला, "ए बाई, खाली उतर." मी उतरले न्हाई. मी कपिलला म्हनलं, "उताना कर."

"फिरवलास तर तुज्या मालकाला सांगून नोकरीवरनं काडीन," भाऊसो म्हनला. कपिलचा हात थांबला. घरात त्येची बायकू, दोन लेकरं. मी त्येला बोल लावत न्हाई. मी त्येच्या हातातनं पहार घेतली. चाळीस वर्सं पहार चालवली हाय मी. इटंवर टेकू दिला, टोक आत सारलं आन सगळं अंग घालून दाबलं. दगुड आदी नुसता हलला. मंग करकरला आन उताना पडला, सगळा सोपा हादरला.

खाली वली माती, मुंग्या, मुळ्या. मी पदरानं पुसाया लागले. कोपऱ्यात पिंपळपान निगालं. मालकांची निशानी. मला तेवढंच पायजे हुतं, मी उटनार तवर हाताला आनकी खाचा लागल्या. मालक कोप्पळला अक्षरं गिरवाया शिकल्यालं. अक्षरं हुती, मोटी, वाकडीतिकडी.

मला वाचाया येत न्हाई. साक्षरतेच्या वर्गात गेल्या दोन-चार वर्सांत मी एकच शिकले, माझं नाव. तेच हुतं. मी बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं, आ, क्का, ता, ई. मला वाटलं मलाच भास हुतुया. मी कपिलकडं बगितलं. त्येनं पुरतं वाचलं, "विहाराला. आक्काताईकडून."

सा वर्सं त्येंनी दगुड फोडला आन नाव माझं घातलं. मी हिकडं खडी फोडून लेकरू जगवलं म्हनून असंल. आता कुनाला इचारू? बसवायच्या दिशी दाखवायचं हुतं त्येंना. म्हनून लाजत हुतं. म्हनून मार खाताना सुदीक उताना करा म्हनत हुतं. मी तितंच बसले आन रडले, भाऊसोच्या दारात, त्येच्या सोयऱ्यासमोर. मला त्येची लाज न्हाई.

आंबूबाई हळदकुकवाचं ताट घिऊन दारात आल्याली. ती वाचाया शिकल्याली, तिनं बी वाचलं. नवऱ्याला म्हनली, "इकत आनलाय म्हनला हुता. मी तेवीस वर्सं हिच्या नावाला हळदकुकू वाहिलं?" भाऊसोला ठावं हुतं की. अक्षरं खाली घालून दगुड बसवा म्हनून गवंड्याला सांगनारा त्योच.

भाऊसोनं मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "लगीन हुस्तवर ऱ्हाऊ दे. बिनउंबऱ्याच्या घरात नवरी कशी आननार? माप कशावर ठिवनार? लगीन झालं की घिऊन जा."

"आदी बोला."

"काय बोलू?"

"सोपान चोर न्हवता. अंगनाकडं तोंड करून."

त्यो पुटपुटला. मी म्हनलं, ऐकू न्हाई आलं. दुसऱ्यांदा जरा वर बोलला. मी म्हनलं, नाथाजीमामाला कानानं बी कमीच हाय, परत. तिसऱ्यांदा बोलला ते आप्पासोला ऐकू गेलं, खुर्च्यांवरल्या सगळ्यांना ऐकू गेलं, रस्त्यानं चाललेल्या मान्सांनी बी माना वळवल्या. "सोपान चोर न्हवता." भाऊसोचं तोंड चुना फासल्यावानी झालं हुतं.

मंग हळूच मला म्हनला, "झालं न्हवं आता? ऱ्हाऊ दे का आठ दिस?"

"न्हाई," मी म्हनलं.

ऱ्हाऊ दीन असं मी कुटं म्हनलं हुतं? आप्पासो सुदीक मदी पडलं न्हाईत. आमच्या वस्तीतनं मान्सं आली, दगुड टेम्पोत चढवला आन दिसाउजेडी, गावाच्या मदनं, वस्तीत आनला. कपिलची नोकरी ऱ्हायली, आप्पासोंनी त्येच्या मालकाला सबूद टाकला म्हनत्यात. नवरी फळकुटावरनं आत आली. माप फळीवर ठिवलं हुतं. त्या पोरीचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पर दगुड ठिवला न्हाई.

विहाराच्या दारात बसवताना कपिल म्हनला, "आई, अक्षरं वर घेतली तर लोकांचा पाय नावावर पडंल." मी म्हनलं, पडू दे. लय दिस पालथं पडलं हुतं ते. पर लोकं पाय देत न्हाईत, वलांडून जात्यात. ल्हान पोरंसुदीक.

सत्त्यान्नवच्या सुरवातीला निवडनूक आली. इंद्रजित उबा हुता. भाऊसो मतं मागत वस्तीत आला, संगट धा-बारा मान्सं. दुपारची येळ, मी ह्या दगडावरच बसल्याली. विहारात जाऊन हात जोडल्याबिगार वस्तीत मत मिळत न्हाई, हे त्येला पक्कं ठावं. दाराशी आला, चपला काडल्या आन उबा ऱ्हायला. दार भरून मी बसल्याली.

हयातीत त्या मानसानं मला नावानं हाक मारली न्हवती. ए बाई म्हनायचा, न्हाईतर सोपानची. आता त्येनं खाली बगितलं. माझ्या दोन पायांच्या मदी दगडावर नाव हुतं. त्यो ते बगत हुता आन मी त्येला बगत हुते.

"आक्काताई," त्यो म्हनला, "वाईच सरकता का?"

मालकांचं मनगाट माझ्या डोळ्याम्होरं आलं. मी पदर सावरला आन पाय दारात आनकी लांब पसरलं. त्यो बराच येळ उनात अनवानी उबा ऱ्हायला, मंग चपला घातल्या आन मागारी गेला.